भिंतीतील फळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यात केलेल्या भाषणाची संहिता)



‘आपले घर’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. घराविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि आम्ही अशी एक वस्तू निवडली आहे की, जिच्याकडे आपले लक्ष ती वाकल्याशिवाय जात नाही. ती म्हणजे भिंतीत बसविलेली फळी.

आपल्या वाडवडिलांना कपाट विकत आणण्याचे फारसे कारण पडत नसे. वाड्याच्या भिंती दीड-दोन हात जाड. त्यांच्या पोटातच संसार मावत असे. दिव्यासाठी देवळी, हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी कोनाडा, झडपा लावलेले फडताळ, धान्यासाठी बळद. बेंगळुरूतही हेच होते. १८९०च्या दशकात वसविलेल्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या भागांतील जी जुनी घरे आज उरली आहेत, त्यांत लाल जमीन, मद्रास टेरेसचे छत आणि भिंतीत दिव्याचा कोनाडा अजूनही दिसतो. कन्नडमध्ये त्याला ‘गूडु’ म्हणतात. पक्ष्याच्या घरट्यालाही तोच शब्द आहे, हे आम्हांस फार आवडले.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे येथे आली ती कारखान्यांच्या निमित्ताने. विमानांचा कारखाना १९४० साली निघाला, आय.टी.आय. १९४८ मध्ये, एच.एम.टी. १९५३ मध्ये, बी.ई.एल. १९५४ मध्ये. आम्ही १९७४ साली आलो आणि वसाहतीतील दोन खोल्यांत राहू लागलो. भिंतीत खिळा ठोकण्यास मनाई होती. आम्हांसही त्याचे वाईट वाटत नसे, कारण आम्ही पाहुणेच होतो! निवृत्त झालो की पुण्यास परतावयाचे, हे ठरलेलेच होते. त्यामुळे पुस्तके खाटेखालच्या ट्रंकांत राहिली. दर दिवाळीस ती उन्हात घालावयाची, पुसावयाची आणि पुन्हा ट्रंकेत ठेवावयाची. अशी वीस वर्षे गेली.

पुढे तीस बाय चाळीसच्या भूखंडावर घर बांधले. सुताराने विचारले, “कपाट सुटे करू की भिंतीत बसवू?” प्रश्न साधा होता. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच मातुःश्रींनी विचारले, “उद्या पुण्यास जाताना ते काढून नेता येईल ना?” त्या प्रश्नानंतर घरात कोणीच काही बोलले नाही. सुटे कपाट मालट्रकमध्ये चढते. भिंतीतले घराबरोबर राहते. आपण येथलेच झालो आहोत काय, हा प्रश्न ज्याला आम्ही वीस वर्षे टाळत होतो, तो अखेर एका सुताराने आमच्यापुढे टाकला. दोन दिवसांनी मातुःश्री स्वतःच म्हणाल्या, “भिंतीतच बसवा. ट्रंका उघडताना माझी कंबर दुखते.”

निर्णय योग्य झाला, परंतु काम उतावीळपणे झाले. न्हाणीघराला लागून असलेली भिंत मोकळी होती, म्हणून तीच निवडली. स्वस्त प्लायवूड घेतले आणि चार-चार फूट लांबीच्या फळ्या लावल्या. दोन पावसाळ्यांत मधल्या फळ्यांना झोळ आला. त्याहून वाईट म्हणजे भिंतीतील ओलीवाटे वाळवी शिरली. वरून सारे ठीक दिसत होते. एक दिवस सर्वांत खालचे पुस्तक ओढले, तर हातात केवळ पुठ्ठा आला. वडिलांच्या हाताच्या टिपा असलेली पुस्तके गेली. आजीची पाककृतींची वही गेली. ती वही दुसरी नव्हती.

म्हणून अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी येथे सांगतो. फूटभर रांगेतील पुस्तकांचे वजन साधारण दहा किलो भरते. भारतीय संस्कृतिकोशाचे १० खंड एकाच फळीवर ठेवणाऱ्याने हे विसरू नये. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तके त्याच दाटीने लावली, तर ती दुप्पट नव्हे, सोळा पट वाकते. जाडी निम्मी केली तर आठ पट. म्हणून सहा सूत जाडीची फळी अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नये. मध्ये उभा आधार द्यावा. डेमी आकाराचे पुस्तक साडेआठ इंच उंच असते; त्यासाठी दोन फळ्यांत दहा इंचांचे अंतर आणि दहा इंचांची खोली पुरते. कोश आणि दिवाळी अंक यांच्यासाठी एखादा खण तेरा इंचांचा असू द्यावा. खोली उगाच वाढविली की पुस्तकांच्या दोन रांगा होतात आणि मागची रांग कायमची विस्मृतीत जाते.

भिंत कोरडी निवडावी. न्हाणीघराची नको, पश्चिमेच्या पावसाचा मारा सोसणारीही नको. आजच्या साडेचार इंची भिंतीत कोनाडा खोदण्याचा मोह धरू नये. आणि जी भिंत छताचा भार वाहते, तिला अभियंत्यास विचारल्याविना हात लावू नये. तळाशी तीन-चार इंचांचा दगडी ओटा घालावा, म्हणजे फरशी पुसण्याचे पाणी लाकडास लागत नाही. पाठीमागे थोडी हवा खेळू द्यावी. वाळवीची प्रक्रिया पाया भरतानाच करून घ्यावी आणि पुढेही मातीच्या बारीक नळ्या दिसतात काय, हे दर महिन्यास पाहावे. स्वयंपाकघरात कडप्प्याच्या फळ्या उत्तम; त्यांना वाळवी लागत नाही, मात्र दोन्ही बाजूंनी आधार हवा. लाकडाच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणारी संस्था तर आपल्या मल्लेश्वरमातच, अठराव्या क्रॉसवर आहे. १९३८ साली प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली. असे शेजार लाभूनही आम्ही वाळवीला घर दिले, हे कबूल करतो!

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट: उंची. जी पुस्तके आपणांस पूज्य वाटतात, ती आपण छताशी ठेवतो. तेथे ती सुरक्षित राहतात आणि कोणी वाचीतही नाही. आमची नातवंडे शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकतात. देवनागरी अक्षरे त्यांना हिंदीमुळे येतात. एवढे भांडवल पुरेसे आहे, परंतु पुस्तक हाताला लागले पाहिजे. दुसऱ्यांदा फळ्या केल्या तेव्हा जमिनीपासून दीड ते चार फुटांमधली जागा आम्ही मुलांच्या मराठी पुस्तकांना दिली आणि त्यांच्या शेजारीच कन्नड पुस्तके लावली. नात आधी चित्रे पाहण्यासाठी पुस्तक काढी. आता अडखळत वाचते आणि अडले की विचारते. छताशी ठेवलेल्या पुस्तकाविषयी तिने आम्हांस काय विचारले असते?

या नगरीत आपण पहिले नव्हे. १६३८ नंतर शहाजीराजांनी बेंगळुरूस वास्तव्य केले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे पुढे तंजावरास गेले आणि तेथे मराठी राज्य उभे राहिले. त्याच घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. १८५५ साली ते राज्य खालसा झाले. ग्रंथ मात्र राहिले. १९१८ पासून ग्रंथालय सर्वांसाठी खुले आहे आणि मराठी हस्तलिखिते, मोडी कागद तेथे आजही पाहावयास मिळतात. राज्य राखणे आपल्या हाती नसते. फळी कोरडी राखणे असते.

आमच्या मातुःश्री आता नाहीत. पुण्यास परतण्याचा विषयही घरात निघत नाही. त्यांच्या हातच्या पदार्थांची नवी वही आम्ही आठवून आठवून लिहून काढली आहे. ती दुसऱ्या फळीवर, नातीच्या हाताला येईल अशी ठेवली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या खाटेखाली अजून ट्रंका असतील, त्यांनी या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या उघडाव्यात, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.