घरची मालमत्ता आणि परस्वाधीनतेचा काळ

(गोव्यातील ग्रामस्थ, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मालमत्तेच्या व्यवस्थेचा विषय निघाला की बहुधा मनुष्य वारल्यानंतरचाच विचार केला जातो. वाटण्या कशा व्हाव्यात, एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाची नावे चढावीत, यावर घरोघर चर्चा होते. परंतु मनुष्य जिवंत आहे आणि त्याची समज वा वाचा गेली आहे, अशा काळाची तरतूद क्वचितच कोणी करून ठेवतो. सुपारीच्या भावाची रोज चौकशी करणारे गृहस्थही या बाबतीत उदासीन आढळतात.

फोंडा तालुक्यातील कुळागर असलेले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. घरधनी पासष्ट वर्षांचे. मुलगा बोटीवर नोकरीला. मुलगी लग्न होऊन बेळगावी. एके पहाटे घरधन्यांना पक्षाघाताचा झटका येतो. जीव वाचतो, परंतु बोलणे आणि उमज दोन्ही जातात. घरातील सुपारी विकता येते, कुळागराचे शिंपणेही चालू राहते. मात्र मुदतठेव एकट्या त्यांच्याच नावे आहे. ती मोडण्यास सही हवी. औषधोपचारासाठी जमिनीचा तुकडा विकावा म्हटले तर तेथेही सही हवी. पत्नी मालमत्तेच्या अर्ध्या भागाची मालकीण आहे, तरी एकटीने विकू शकत नाही; कारण स्थावर मालमत्तेच्या विक्रीस पतिपत्नी दोघांचीही संमती लागते. अशा वेळी मुलगा बोटीवरून कळवितो की, बाबांनी दोन वर्षांपूर्वी दिलेले कुलमुखत्यारपत्र कपाटात आहे. कागद सापडतो, घरातील सर्वांना हायसे वाटते. आणि नेमके येथेच फसगत होते.

भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ अन्वये मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की मुखत्याराचा अधिकार सामान्यतः संपुष्टात येतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी तो कागद करून ठेवला, त्याच प्रसंगी तो निरुपयोगी ठरतो. समज गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र इंग्लंडच्या कायद्याला मान्य आहे. भारतात तशी सर्वसाधारण सोय अद्याप नाही. मग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी पालक नेमण्याची रीत स्पष्ट नसल्यामुळे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. यावरून कुटुंबांना उच्च न्यायालयापर्यंत कसे जावे लागते याची कल्पना यावी. वैद्यकीय दाखले, वकील, तारखा, आणि इकडे रुग्णालयाचे बिल वाढतेच आहे.

मृत्यूनंतरची व्यवस्था त्या मानाने गोव्यात कायद्यानेच बरीचशी करून ठेवली आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून येथे लागू झाला आणि मुक्तीनंतरही कायम राहिला. त्यातील वारसाविषयक भागाची जागा २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याने घेतली. तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा धरला जातो. आपल्या हिश्श्यापैकी निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो. उरलेल्या निम्म्याचीच मृत्युपत्राने मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते. मुलगा आणि मुलगी यांचा हक्क समान आहे. आईवडील हयात असतानाच मुलीकडून भावी हक्क सोडल्याचा कागद लिहून घेण्याचा प्रकार कोठे कोठे घडतो. हयात माणसाच्या वारशाचा त्याग कायद्याला मान्य नाही, हे तिच्या भावांनीही ध्यानात ठेवावे. गोव्याबाहेर एखादी सदनिका घेतलेली असली तरी मूळ गोमंतकीय अधिवास असलेल्यांना वारशाबाबत हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

बँकेत वा विम्यात ज्याचे नाव नामनिर्देशित केले तोच मालक होतो, हाही असाच एक रूढ समज. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तो १९८३ मध्ये खोडून काढला होता; २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर मात्र नामनिर्देशित पती, पत्नी, मुले वा आईवडील यांचा विम्याच्या रकमेवर हक्क मानला जातो. बँकेतील रक्कम नामनिर्देशिताच्या हाती येते, पण ती वारसांसाठी. शिवाय नामनिर्देशनाचा उपयोग खातेदाराच्या मृत्यूनंतर. तो अंथरुणाला खिळला असताना नाही.

तेव्हा परस्वाधीनतेच्या काळासाठी काय करता येईल? घरखर्चाचे खाते पतिपत्नींच्या संयुक्त नावे आणि दोघांपैकी कोणाच्याही सहीने चालणारे असावे. संयुक्त मुदतठेवसुद्धा मुदतीपूर्वी मोडताना पुष्कळदा दोघांच्या सह्या मागितल्या जातात. म्हणून आजारपणापुरती रक्कम बचत खात्यातच असलेली बरी. एखादा तुकडा विकायचे वा मुलांना द्यायचे मनात असेल तर ते काम दोघेही सही करू शकतात तोवर उरकावे.

उपचारांविषयीची इच्छाही लिहून ठेवता येते. बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांच्या साहाय्याने जिवंत ठेवू नये, असा आगाऊ वैद्यकीय निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करावा लागतो, आणि निर्णय कोणी सांगावा त्यांची नावेही त्यातच लिहावयाची असतात. घरात कोणी बोलावे यावरून अतिदक्षता विभागाच्या दारात भावाबहिणींत होणारे वाद ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या एका ओळीचे मोल कळेल. मात्र या निर्देशाने मालमत्तेवर कोणालाही अधिकार मिळत नाही.

मृत्युपत्रासाठी विशेष नोटरीकडे जावे. गोव्यात हे काम उपनिबंधकांच्या कार्यालयात होते. खुले मृत्युपत्र साक्षीदारांसमक्ष नोटरीच्या वहीतच लिहिले जाते, त्यामुळे ते हरवण्याची भीती नसते. विचार बदलल्यास नवे करता येते. करणाऱ्याची समज शाबूत असल्याची खात्री नोटरीला करून घ्यावी लागते, म्हणून वयोवृद्धांनी डॉक्टरांचा ताजा दाखला सोबत नेणे इष्ट. ठेवी, विमा, कर्जे, जमिनीचे सर्व्हे क्रमांक आणि कुळा-मुंडकारांची नावे यांची यादी दोन प्रतींत करून एक पत्नीपाशी व दुसरी बोटीवरच्या मुलापाशी ठेवावी.