अवटु ग्रंथीची गोळी आणि आपले पच्चक्खाण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत महिला मंडळापुढे झालेले भाषण)



ज्या व्यासपीठावरून आपण विद्वानांची प्रवचने ऐकतो, तेथे माझ्यासारख्या निवृत्त विज्ञानशिक्षिकेला उभे केले, याबद्दल मंडळाची ऋणी आहे. मी डॉक्टर नाही. २००९ सालापासून रोज सकाळी एक छोटी गोळी घेणारी तुमच्यातलीच एक बाई आहे. मध्यंतरी पाच महिने ती गोळी मी घेतली नाही. आज मुख्यतः त्या पाच महिन्यांविषयी बोलायचे आहे.

आपल्याकडे म्हणतात, ‘तिला थायरॉईड आहे.’ वास्तविक थायरॉईड सर्वांनाच असते. गळ्यात, श्वासनळीच्या पुढे, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. वर्गात मी तिला अवटु ग्रंथी म्हणून शिकवीत असे. तिच्यातून पाझरणारे थायरॉक्झिन शरीराचा विस्तव धगधगता ठेवते. ते कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचा संदेश अधिकाधिक जोराने पाठवू लागते. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा जितका मोठा, तितकी सामान्यतः अवटु ग्रंथी दुबळी. आठ शहरांतील प्रौढांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांत हा दुबळेपणा आढळला होता, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. या सभागृहात किती जणींच्या घरी ती बाटली असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझे निदान झाले तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. थंडी सोसेना, केस गळत, पाय सुजत, वर्गात ओळखीच्या मुलीचे नाव आठवेना. घरातल्यांनी ‘आता वय झाले’ असे म्हटले, आणि मीही ते मान्य करून टाकले. टीएसएच ३८ आला. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या ग्रंथीवर उलटते असा हा विकार. जपानच्या हाशिमोतो नावाच्या डॉक्टरांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा माणसात आले.

पुढे २०१४ च्या पर्युषणात मी अट्ठाई केली. आठही दिवस गोळी बंद ठेवली. कोणाला विचारले नाही. काहीच त्रास झाला नाही. उलट हलके वाटले. पारण्याच्या दिवशी मनात आले, आठ दिवस राहता येते तर कायमचे का नाही? त्यातच एका परिचितांनी काढा सुचविला. ‘जन्मभर गोळी’ या दोन शब्दांचा मला आधीपासूनच राग होता. काढा सुरू झाला, बाटली कपाटात गेली.

जे मी मुलींना शिकवू शकले असते तेच येथे विसरले. या गोळीतील थायरॉक्झिन शरीरात फार सावकाश संपते. निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट माणसाला फसविते. दिवाळीत एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हणताच ती म्हणाली, “काका, बाई आहेत का?” आवाज इतका घोगरा झाला होता. आम्ही सगळे हसलो. माघ महिन्यात जिना चढताना दम लागू लागला, आणि तपासणीत हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठलेले दिसले. टीएसएच शंभराच्या पुढे गेला होता. हृदयावर एकदम ताण नको म्हणून गोळी अगदी अल्प प्रमाणात पुन्हा सुरू करून पायरीपायरीने वाढविली. पाणी ओसरायला कित्येक महिने गेले. काढा देणाऱ्याला मी दोष देत नाही. बाटली माझ्या हाताने कपाटात गेली होती.

आता पर्यायांकडे वळू, कारण ‘दुसरे काही नाही का?’ हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो.

१८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी अशा एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क दिला. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली; पण त्यासाठी शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्झिन शुद्ध रूपात वेगळे काढले, तेही प्राण्यांच्या ग्रंथींपासूनच. मग १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत, कोणत्याही ग्रंथीशिवाय, तयार करून दाखविले. आज आपल्या बाटलीत येते ते हेच कृत्रिम लेव्होथायरॉक्सिन. परदेशात डुकराच्या वाळविलेल्या ग्रंथींच्या गोळ्या आजही मिळतात आणि ‘नैसर्गिक’ म्हणून त्यांचे कौतुक होते. आपल्याला त्या वर्ज्य आहेत हे सांगायला नको. परंतु वैद्यकीय दृष्टीनेही त्यांत टी-३ या दुसऱ्या संप्रेरकाचे प्रमाण माणसाच्या ग्रंथीपेक्षा बरेच जास्त असते. ‘कृत्रिम’ हा शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्या भगिनींनी त्या मेंढ्या आठवाव्यात. गोळी बांधण्यासाठी वापरलेल्या स्टिअरेटसारख्या पदार्थाचा उगम वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, हा प्रश्न मात्र रास्त आहे. अन्नाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका औषधांवर सक्तीचा नाही, तेव्हा कंपनीला पत्र लिहून विचारावे. उत्तर येईपर्यंत गोळी थांबवू नये.

लेव्होथायरॉक्सिनबरोबर टी-३ चीही गोळी देतात; परंतु बहुतेकांना तिचा अधिक लाभ होतो असे अभ्यासांतून दिसलेले नाही. आयोडीनच्या मात्रा स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; हाशिमोतोच्या विकारात जादा आयोडीन अपाय करू शकते. मात्र उपवासाच्या निमित्ताने घरात बारा महिने सैंधवच वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते.

आणि औषध न घेणे हाही कधीकधी योग्य पर्याय असतो! टीएसएच किंचित वाढलेला, थायरॉक्झिन मात्र पुरेसे, अशा पासष्टीपुढील व्यक्तींना गोळी देऊन थकवा वगैरे लक्षणांत फरक पडला नाही, असे २०१७ सालच्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दिसले. तेव्हा आजीचा आकडा ६ आला म्हणून घाबरून जाऊ नये. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा. थकवा असेल तर बी-१२ देखील पाहावे. आपण शाकाहारी, त्याची उणीव आपल्यात पुष्कळ.

आता नित्यनियम. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा, दूध, कॉफी अर्धा ते एक तास नंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. रात्री जेवणानंतर तीन तासांनीही ती चालते, पण आपल्या चौविहारात ते बसत नाही. मी नवकारसी पाळते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारते, गोळी घेते आणि मग तासभर थांबते. हिवाळ्यात हे जवळजवळ नऊपर्यंत जाते, आणि समोर आमचे हे वाफाळता चहा घेऊन वर्तमानपत्र वाचत असतात. याहून मोठी तपश्चर्या मला ठाऊक नाही. एक-दोन उपवासांत गोळी राहिली तरी डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. पण लांब तपाला बसण्यापूर्वी डॉक्टर आणि महाराजसाहेब दोघांनाही विचारावे. मी विचारले. महाराजसाहेबांनी औषधाचा आगार समजावून सांगितला. अट्ठाई करू शकत नाही याचे दुःख पहिल्या वर्षी फार झाले. पारण्याच्या मिरवणुकीत मी मागच्या रांगेत चालत होते आणि कोणी का म्हणून विचारू नये असे वाटत होते.

शेवटी एक नाजूक विषय. मुलीचे लग्न जमविताना ही गोळी लपविण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या नात्यातील एका मुलीला आईने बजावून पाठविले होते, सासरी कोणाला कळू देऊ नकोस. ती बाटली साड्यांच्या घडीत ठेवी, आणि संधी मिळाली नाही की गोळी चुके. अशात दिवस राहिले. गर्भारपणात गोळी सोडायची तर नसतेच, उलट दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगून ती साधारण पाव हिश्शाने वाढवावी लागते. कारण पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्झिनवर चालते. भीतीने तिची झोप उडाली. अखेर एका सकाळी तिने सासूबाईंपुढे बाटली ठेवली आणि रडू लागली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आणि आपल्या औषधांच्या डब्यातून तशीच बाटली घेऊन आल्या. दोघी आता एकाच वेळी गोळी घेतात. नात गेल्या वर्षी शाळेत जाऊ लागली.