उसाच्या जाती आणि त्यांचें आयुष्य

शहरांतल्या गृहिणीला साखर डब्यांत भेटते; पण त्या साखरेची कहाणी शेतांत लावलेल्या उसाच्या कांडीपासून सुरू होते. ती कांडी कोणत्या जातीची, यावर शेतकऱ्याचें वर्ष तरतें किंवा बुडतें.

शेतकरी उसाचें बीं पेरीत नाहीं. डोळे असलेली कांडी तो सरींत लावतो आणि प्रत्येक डोळ्यांतून मूळ झाडाचेंच हुबेहूब रूप उगवतें. त्यामुळें एकदां साधलेली उत्तम जात हजारों एकरांत जशीच्या तशी पसरते. धोकाही यांतच आहे. जो रोग एका झाडावर मात करतो, तो त्याच्या सर्व भावंडांवर मात करतो. आणि कांडीबरोबर तो एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जातो.

कोइमतूर येथें 1912 सालीं ऊस-पैदास केंद्र निघालें. तेथें बार्बर व त्यांचे सहकारी व्यंकटरामन् यांनीं जाड, रसाळ उसाचा रानटी उसाशीं संकर घडवून आणला. रानटी उसांत साखर नांवापुरतीच. पण त्याचा काटकपणा विलक्षण. या संकरांतून ‘को 205’ ही जात 1918 सालीं बाहेर आली, आणि उत्तर हिंदुस्थानांतील बारीक देशी उसाच्या सुमारें दीडपट उत्पन्न तिनें दिलें. ‘को’ हें कोइमतूरचें आद्याक्षर होय. दक्षिणेंत कालव्यांच्या पाण्यावर पुंड्या ऊस होत असे. पुढें ‘को 419’ ही जात त्या भागांत रुजली. तिच्यामागून, पाडेगांवच्या संशोधन केंद्राच्या शिफारशीनें, 1956 सालीं ‘को 740’ व 1996 सालीं ‘को 86032’ महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या हातीं आल्या.

मग जाती बदलाव्या कां लागतात? शेतकरी म्हणतो, “जातीचा कस गेला.” वस्तुतः जात म्हातारी होत नाहीं. वर्षानुवर्षें तेंच बेणें लावल्यानें त्यांत रोग सांठत जातो. आणि रोगाची बुरशी नवीं रूपें घेऊन जातीची तटबंदी फोडते.

उत्तर प्रदेशांत हेंच घडलें. 2009 सालीं प्रसृत झालेल्या ‘को 0238’ या जातीमुळें त्या प्रांताचें सरासरी उत्पन्न हेक्टरीं सुमारें 60 टनांवरून 80 टनांच्या घरांत गेलें. लोभ स्वाभाविक होता. उसाखालील चार-पंचमांशांहून अधिक जमीन या एकाच जातीनें व्यापली. मग लाल कूज आली. उभा ऊस वाळूं लागला. कांडें चिरावें तों आंत तांबडें, मध्यें पांढरे आडवे पट्टे आणि दारूसारखा आंबूस वास. ज्या जातीनें घर भरलें, तीच लावूं नका असें सांगण्याची पाळी आली. 1939 च्या सुमारास बिहारांत ‘को 213’ याच रोगाला बळी पडली होती. तो धडा विस्मरणांत गेला होता.

लाल कुजेनें एकदां पोखरलेला ऊस औषधानें सुधारत नाहीं. रोगट बेटें मुळासकट उपटावीं लागतात. म्हणून उष्ण हवेची प्रक्रिया केलेलें निरोगी बेणें स्वतंत्र मळ्यांत वाढवावें, तें दर तीन-चार वर्षांनीं बदलावें, आणि एका गांवांत एकाहून अधिक जाती नांदवाव्या. नवी जात सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षें सहज लागतात. म्हणून आजची जात भरात असतांनाच उद्यांची संशोधकाच्या वाफ्यांत वाढत असली पाहिजे. सुधारलेली जात ही एकदां मिळालेली ठेव नव्हे. ती पुनःपुन्हां कमवावी लागणारी मिळकत आहे.