जन्मदोष, शस्त्रक्रिया आणि प्राथमिक शिक्षक

(भोर व वेल्हे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेले व्याख्यान)



मूल शाळेत दाखल होते त्या दिवशी त्याचे नाव, जन्मतारीख व पालकाचा व्यवसाय नोंदवहीत लिहिला जातो. काही मुले मात्र या नोंदीत न मावणारी एक गोष्ट जन्मापासून बरोबर घेऊन आलेली असतात. कोणाचा वरचा ओठ दुभंगलेला असतो. कोणाची पावले आत वळलेली असतात. कोणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असते आणि ते तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. गर्भात शरीराची घडण होत असताना राहून गेलेल्या या उणिवांस जन्मदोष म्हणतात. त्यांपैकी बऱ्याच दोषांवर शस्त्रक्रिया होऊ शकते व ती गुणकारी ठरते. परंतु ती वेळेवर व्हावी यासाठी मुलाकडे डोळसपणे पाहणारे कोणीतरी गावातच असावे लागते. खेड्यात अशी व्यक्ती पुष्कळदा शिक्षकच असतो.

हे दोष एकेकटे घेतले तर विरळ वाटतात. ओठ वा टाळू दुभंगणे हे सुमारे 700 जन्मांत एकदा घडते, तर पाऊल वाकडे असणे सुमारे 1000 जन्मांत एकदा. हृदयाचा जन्मदोष मात्र 1000 बालकांमागे आठ-नऊ बालकांत आढळतो. वीस-पंचवीस पटाच्या द्विशिक्षकी शाळेत असे मूल अनेक वर्षे येणारही नाही. आणि आले म्हणजे शिक्षक गोंधळून जातो, याचे कारण हेच. तथापि तोरणा-राजगडाच्या पायथ्यापासून वरंधा घाटाच्या तोंडापर्यंतच्या साऱ्या वाड्यावस्त्या एकत्र धरल्या, तर अशी मुले या मुलखात सदैव असतात, हे उघड आहे.

या मुलांच्या वाटेत पहिला अडसर येतो तो समजुतीचा. आईने ग्रहणात विळी हाती धरली म्हणून बाळाचा ओठ चिरला, असे आजही पुष्कळ घरांत मानले जाते. ग्रहण हा केवळ सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या सावल्यांचा खेळ आहे, हे शिक्षक वर्गात शिकवितोच. ओठ व टाळू यांचे भाग गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत एकमेकांस जुळतात. ती जुळणी अपुरी राहिली म्हणजे फट उरते. तिच्यामागे आनुवंशिकता, काही औषधे, धूम्रपान अशी अनेक कारणे संभवतात व पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. आईचा अपराध मात्र त्यात नसतो. ही एक गोष्ट घरच्या माणसांस पटली, तरी त्या माउलीच्या माथ्यावरील मोठा भार उतरतो आणि मूल लपवून ठेवण्याची गरज उरत नाही.

दुसरी समजूत अशी की, देवाने दिलेला चेहरा माणसाला बदलता येत नाही. ही समजूत पुणे प्रांतात तरी टिकू नये. टिपूविरुद्धच्या 1792 च्या लढाईत इंग्रज सैन्याकडील कावसजी नावाचा मराठा गाडीवान शत्रूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. हा वृत्तांत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात छापून आला. तो वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने 1814 साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. चेहऱ्याची घडण दुरुस्त करण्याची जी विद्या आज जगभर दुभंगलेले ओठ सांधते, तिच्या इतिहासात पुण्याच्या त्या अनामिक कारागिराचे स्थान असे मानाचे आहे.

शरीराच्या आतील दोषांसाठी शस्त्रविद्येला अधिक काळ थांबावे लागले. 1938 साली अमेरिकेत बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाजवळील, जन्मानंतर बंद व्हावयाची पण उघडीच राहिलेली रक्तवाहिनी बांधून बंद केली आणि ती मुलगी बरी झाली. तेथून पुढे लहान मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रियांचा मार्ग मोकळा झाला. आता तर काही छिद्रे छाती न उघडता, जांघेतील शिरेतून नळी नेऊन बुजविता येतात. वाकड्या पावलांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांवर पूर्वी मोठी शस्त्रक्रिया करीत. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने आता दर आठवड्यास नवे प्लास्टर घालून पाऊल हळूहळू सरळ करतात व बहुधा टाचेच्या शिरेवर एक छोटासा छेद पुरतो. पुढे मूल चार वर्षांचे होईपर्यंत रात्री विशिष्ट बूट-पट्टी घालावी लागते. ती कंटाळून सोडली की पाऊल पुन्हा वळते.

या सर्वांत वेळेचे महत्त्व फार आहे. जन्मतः असलेला दाट मोतीबिंदू पहिल्या दोन-तीन महिन्यांत काढला नाही, तर डोळा पाहावयास शिकतच नाही. ओठ तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास शिवतात व टाळू साधारणतः नऊ ते अठरा महिन्यांत, म्हणजे बोलणे नीट फुटण्यापूर्वी. मुलाचा अंडगोल खाली उतरला नसेल, तर त्याची शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हावी. हृदयातील लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. परंतु मोठे छिद्र तसेच राहू दिले तर फुप्फुसातील रक्ताचा दाब कायमचा वाढतो आणि मग ते बुजविणेच घातक ठरते. उपचार आहे, पण त्याची घटका टळून गेली, असे शस्त्रवैद्याला सांगावे लागणे याहून दुःखद गोष्ट नाही.

येथे शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल सहाव्या वर्षी पहिलीत येते तेव्हा वर सांगितलेल्या बहुतेक मुदती उलटलेल्या असतात. म्हणून शिक्षकाची दृष्टी वर्गाच्या उंबरठ्यापलीकडे गेली पाहिजे. शाळा सुटल्यावर मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते. त्या कडेवरच्या बाळाकडेही त्याने पाहावे. पटनोंदणीसाठी घरोघर जाताना पाळण्यातल्या बाळाची चौकशी करावी. अंगणवाडीताई व आशाताई यांच्याशी त्याचे या बाबतीत नित्य बोलणे असावे.

तरीही सहाव्या वर्षी सर्व काही संपले असे मुळीच नाही. उशिरा शिवलेल्या ओठानेही चेहरा सुधारतो, उशिरा सांधलेल्या टाळूनेही खाणेपिणे सुकर होते आणि हृदयाच्या कित्येक दोषांवर शालेय वयातही उपचार होतात. त्यासाठी काही खुणा शिक्षकास ठाऊक असाव्यात. खेळताना धाप लागून वारंवार उकिडवे बसणारे मूल, ज्याचे ओठ व नखे निळसर दिसतात ते मूल, सतत छातीच्या विकाराने गैरहजर राहणारे व वजन न वाढणारे मूल यांच्या हृदयाची तपासणी व्हावयास हवी. गेंगाणे बोलणाऱ्या किंवा पाणी पिताना ज्याच्या नाकातून ते बाहेर येते अशा मुलाची टाळू पाहून घ्यावी. टाळूच्या दोषाबरोबर कानही वाहतात व ऐकू कमी येते. असे मूल ‘मठ्ठ’ ठरविण्यापूर्वी त्यास पुढच्या रांगेत बसवून पाहावे. ज्याचे कपडे सदा ओले राहतात त्या मुलास आळशी म्हणून शिक्षा करू नये. त्याच्या पाठीच्या कण्यात वा मूत्रमार्गात दोष असू शकतो. रोगाचे निदान करणे मात्र शिक्षकाचे काम नव्हे. खूण पाहून मुलास योग्य ठिकाणी पोहोचविणे, एवढेच त्याचे काम. आणि ते लहान नाही.

ते ठिकाण कोणते, हेही स्पष्ट आहे. 2013 साली महाराष्ट्रातच, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याअन्वये जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. पथक येण्याच्या दिवशी जे मूल गैरहजर राहते, तेच पुष्कळदा तपासणीची सर्वाधिक गरज असलेले मूल असते. म्हणून त्या दिवशीचा हजेरीपट शिक्षकाने विशेष काळजीने पाहावा. संशयित मुलांस पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे व तेथून मोठ्या रुग्णालयांकडे पाठवितात. खर्चाची चिंता पालकांस फार असते. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली व 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांचा भार उचलते. शिधापत्रिका, आधारपत्र व जन्मदाखला यांतील नावे जुळत नाहीत म्हणून कित्येक कामे अडतात. तेव्हा शाळेतील नोंद बिनचूक ठेवणे हीसुद्धा रुग्णसेवाच होय.

एवढे सारे असूनही आई-बाप मुलास घेऊन निघत नाहीत, याची कारणे समजून घ्यावी लागतात. भूल दिलेले मूल पुन्हा उठणार नाही, ही धास्ती असते. पुणे शहर जवळ असले तरी जलाशयापलीकडच्या वाडीवरून ते पावसाळ्यात फार दूर होते. आषाढात भाताची लावणी सोडून दोन माणसांनी आठ दिवस रुग्णालयात बसणे म्हणजे वर्षाचे पीक पणास लावणे. अशा वेळी नुसता उपदेश उपयोगी पडत नाही. तारीख पुढे ढकलता येईल काय, हे डॉक्टरांस विचारणे, घरी राहिलेल्या भावंडांची सोय पाहणे आणि ज्या घरातील मूल बरे होऊन आले आहे त्या घराशी या पालकांची गाठ घालून देणे, यांनीच पाऊल उचलले जाते. मात्र तारीख पुढे नेणे धोक्याचे आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तर तेही तितक्याच स्पष्टपणे पालकांस सांगितले पाहिजे.

शस्त्रक्रिया झाली की काम संपले, असेही नाही. टाळू सांधलेल्या मुलास वाचा-उपचारांची गरज असते; वर्गातील मोठ्याने वाचन त्याला पूरक ठरते. मलमार्गाच्या जन्मदोषावर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया झालेल्या मुलास शौचाचा वेग आवरत नाही. त्यास न विचारता उठून जाण्याची मोकळीक हवी व शौचालयात पाणी हवे. एवढ्या सवलतीवाचून अशी मुले शाळा सोडतात. हृदय दुरुस्त झालेल्या मुलास डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर मायेपोटी खेळातून वगळू नये.

आणि शेवटची गोष्ट नावाची. असे मूल शाळेत येण्याआधीच गावाने त्याच्या व्यंगावरून त्याला टोपणनाव दिलेले असते. शिक्षकाने पहिल्या दिवसापासून त्याला हजेरीपटावरील नावाने हाक मारावी व वर्गानेही तशीच मारावी, असा कटाक्ष ठेवावा. शस्त्रवैद्य ओठ सांधतो, पाऊल सरळ करतो. परंतु ते मूल चारचौघांत उभे राहून आपले नाव मोठ्याने सांगते तेव्हाच उपचार पुरा होतो, आणि ते घडते शाळेत, शिक्षकासमोर.