आपल्या घरांतला ब्राउझर

‘तुम्ही कोणता ब्राउझर वापरतां?’ असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित घरांत विचारला, तर पुष्कळदां उत्तर मिळतें, ‘गूगल.’ प्रश्न एका वस्तूविषयींचा आणि उत्तर दुसऱ्याच वस्तूचें! गूगल हें महाजालावर शोध घेण्याचें साधन, आणि तें चालविणाऱ्या कंपनीचें नांव. ज्या साधनांतून आपण तें शोधाचें पान पाहतों, तो ब्राउझर निराळा. मराठींत त्याला कोणी ‘न्याहाळक’ असें नांव दिलें आहे. नांव मोठें गोड आहे, पण घराघरांत तें रुळलें नाहीं. म्हणून मीहि आज ब्राउझर हाच शब्द ठेवतों.

सानपाड्याच्या स्टेशनांत हार्बर आणि ट्रान्स-हार्बर अशा दोन मार्गांच्या गाड्या थांबतात. कोणती गाडी पकडावयाची, हें जावयाचें कोठें यावरून ठरतें. कुर्ल्याला निघालेला मनुष्य ठाण्याच्या गाडींत बसत नाहीं. ब्राउझरचें तसें नाहीं. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, कोणत्याहि गाडींत बसा, पोंचण्याचें ठिकाण तेंच. वर्तमानपत्राचें पान तेंच, बँकेचें खातें तेंच, रेल्वेचें तिकीटहि तेंच. असें असतां सानपाड्यांतल्या एकाच सोसायटींत, एकाच जिन्यावरच्या चार बिऱ्हाडांत चार प्रकारचे ब्राउझर आढळावेत आणि प्रत्येकाला आपलाच बरा वाटावा, याचें कारण काय?

पहिलें कारण अगदीं साधें आहे, आणि तें कबूल करावयास आपल्याला थोडें जड जातें. बहुतेकांनीं आपला ब्राउझर निवडलेलाच नसतो. यंत्र विकत घेतांना तो आंत बसलेलाच असतो. अँड्रॉइड मोबाइलबरोबर क्रोम येतो, ॲपलच्या यंत्राबरोबर सफारी येतो, विंडोजच्या संगणकाबरोबर एज येतो. भाड्याच्या घरांत पूर्वींच्या भाडेकरूनें ठोकलेल्या खुंटीला आपण जशी पिशवी अडकवूं लागतों, तसें हें होतें. चार महिन्यांत त्या ब्राउझरमध्यें आपले परवलीचे शब्द सांठतात, आवडत्या पानांच्या खुणा सांठतात, आणि मग तो सोडणें म्हणजे बिऱ्हाड हलविणें होऊन बसतें. ‘मला हाच आवडतो’ या वाक्याचा अर्थ कित्येक वेळां ‘माझें सामान येथें आहे’ एवढाच असतो.

परंतु मराठी वाचकाला या बाबतींत निवड करावी लागली होती, आणि ती हौसेची नव्हती. हा इतिहास फार जुना नाहीं, तरी तो विसरला जात आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसह मोजक्या शहरांत सामान्य माणसासाठीं इंटरनेट खुलें केलें. चित्रांसह पानें पाहावयाचीं तर महाग वर्गणी भरावी लागे. विद्यार्थ्यांना स्वस्तांत मिळे तें खातें केवळ अक्षरांचें. त्यांत ‘लिंक्स’ नांवाचा ब्राउझर चाले. त्याला चित्र ठाऊक नव्हतें, रंग जेमतेम, आणि देवनागरी तर मुळींच नाहीं. काळ्या पडद्यावर रोमन अक्षरांच्या ओळी सरकत, आणि तेवढ्यावरहि मुलें तासन् तास बसत.

मराठी वर्तमानपत्रें महाजालावर आलीं, तेव्हां युनिकोड ही सर्व लिप्यांना सामावून घेणारी पद्धति कागदोपत्रीं असूनहि घराघरांतल्या संगणकांत उतरलेली नव्हती. मग प्रत्येक वर्तमानपत्रानें आपापला फाँट वापरला. त्यांत युक्ति अशी कीं, संगणकाला वाटे आपण रोमन अक्षरें दाखवीत आहों, आणि फाँट त्या रोमन अक्षरांच्या जागीं ‘क’ची दांडी, ‘ई’ची वेलांटी असे तुकडे काढून दाखवी. फाँट नसेल तर पानभर टोप्या घातलेलीं रोमन अक्षरें दिसत. त्यांतून अर्थ काढणें कोणाच्याहि आवांक्याबाहेरचें होतें. वाचकाला फाँट स्वतः उतरवून घेण्याचा त्रास नको, म्हणून १९९७ च्या सुमारास फाँट पानाबरोबरच पाठविण्याच्या दोन पद्धति निघाल्या. एक इंटरनेट एक्सप्लोररला कळे, दुसरी नेटस्केपला. पुढें नेटस्केप मागें पडला, आणि मराठी वाचावयाचें तर एक्सप्लोररच पाहिजे, अशी स्थिति पुष्कळ काळ राहिली. २००४ सालीं फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. ती चपळ आणि सुरक्षित असल्याची कीर्ति ऐकून कित्येकांनीं ती घेतली. आणि सकाळचें मराठी वर्तमानपत्र उघडतांच टोप्या घातलेलीं अक्षरें पाहून ते निमूटपणें एक्सप्लोररकडे परतले. त्या माणसांना आपण जुन्या मताचे म्हणावें काय? त्यांना इंग्रजी पानें कोठेंहि वाचतां येत होतीं. मराठी एकाच खिडकींतून दिसत होती, म्हणून त्यांनीं ती खिडकी धरून ठेवली.

युनिकोड रुळल्यावर ही अडचण हळूहळू दूर झाली, पण एकदम नव्हे. विंडोज एक्सपीच्या संगणकावर देवनागरी जोडाक्षरें नीट दिसण्यासाठीं कंट्रोल पॅनेलमध्यें जाऊन एका चौकटींत खूण करावी लागे, आणि तेव्हां संगणक विंडोजची मूळ तबकडी मागे. ती तबकडी घरांत सांपडत नसे, हें वेगळें सांगावयास नको. ‘ॲ’ हें आपल्याला नित्य लागणारें अक्षर युनिकोडमध्यें स्वतंत्रपणें आलें तें २००८ सालीं. त्या जुन्या फाँटांत टंकलेले असंख्य लेख, अग्रलेख, कथा मात्र तशाच राहिल्या. आजच्या कोणत्याहि ब्राउझरनें तीं पानें उघडलीं तर पुन्हां तींच टोपीवालीं अक्षरें दिसतात. आणि एक्सप्लोररचा आधार तर मायक्रोसॉफ्टनें १५ जून २०२२ रोजीं काढूनच घेतला. छापलेला १९०० सालचा अंक ग्रंथालयांत वाचतां येतो, आणि महाजालावरचा २००० सालचा वाचतां येत नाहीं, ही गोष्ट मला फार लागते.

मोबाइल हातीं आल्यावर निवडीचें माप पालटलें. आतां प्रश्न डेटाच्या खर्चाचा होता. ऑपेरा मिनी हा ब्राउझर पान थेट आणीत नसे. तें पान आधीं कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाई, तेथें दाबून बारीक होई, आणि मग आपल्याकडे येई. साध्या बटनांच्या फोनमध्यें देवनागरी फाँट नसे. त्यावरहि ऑपेरा मिनींत एक तोड होती. पत्त्याच्या जागीं एक सांकेतिक शब्द टंकून गुप्त पटल उघडावयाचें, आणि अवघड लिप्यांसाठीं चित्ररूप अक्षरें वापरावींत या ओळीपुढें ‘होय’ करावयाचें. मग मराठी अक्षरें लहान लहान चित्रें होऊन येत. डेटा थोडा अधिक जाई, पण वाचतां येई. ही खूण एकानें दुसऱ्याला सांगावी, अशी लोकलच्या प्रवासांत पुष्कळ फिरली. पुढें यूसी ब्राउझर हा चिनी ब्राउझर अशाच काटकसरीमुळें भारतांत अतिशय चालला. २९ जून २०२० रोजीं सरकारनें ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली त्यांत तोहि गेला.

काटकसरीचें हें युग संपविण्यास ज्या कंपनीचा हातभार लागला, ती आमच्या शेजारचीच. सानपाड्याहून तुर्भे आणि कोपरखैरणे ओलांडलें कीं घणसोलीला रिलायन्सची मोठी वसाहत लागते. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचा भाव असा कोसळला कीं पान दाबून आणणाऱ्या ब्राउझरची गरजच ओसरली. त्याच कंपनीनें २०२० च्या ऑक्टोबरांत मराठीसह आठ भारतीय भाषांत चालणारा स्वतःचा ब्राउझर काढला. स्वदेशी ब्राउझरचा तो पहिला प्रयत्न नव्हे. बंगळूरच्या एका कंपनीनें २०१० सालींच ‘एपिक’ नांवाचा ब्राउझर भारतीय लिप्यांच्या सोईसह काढला होता. केंद्र सरकारनें २०२३ सालीं स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा लावली. मार्च २०२५ मध्यें निकाल लागला आणि झोहो या कंपनीला एक कोटि रुपयांचें पहिलें बक्षीस मिळालें. त्या स्पर्धेंत भारताच्या प्रमाणन-नियंत्रकाचें मूळ प्रमाणपत्र ब्राउझरनें ओळखावें, अशी अपेक्षा होती. पत्त्याजवळ जें कुलुपाचें चिन्ह दिसे, त्याच्यामागें कोणाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवावयाचा याची एक यादी असते, आणि ती यादी ब्राउझर करणारा ठरवितो. स्वदेशीचा खरा मुद्दा तेथें आहे. पडद्यावरच्या तिरंगी रंगांत नाहीं.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. ब्राउझरचें नांव आणि रंग वरचे. आंत पान मांडणारें जें यंत्र असतें तें निराळें. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि वर सांगितलेल्या जिओच्या ब्राउझरांत मुळांत एकच यंत्र आहे, गूगलचें ‘ब्लिंक’. एजचें पूर्वीं स्वतःचें यंत्र होतें. जानेवारी २०२० पासून तोहि गूगलच्या यंत्रावर आला. सफारींत ॲपलचें ‘वेबकिट’ आहे, फायरफॉक्समध्यें ‘गेको’. दुकानें दहा, गिरण्या तीनच. यांतल्या दोन गिरण्यांचें कूळ पुन्हां एकच, कारण ब्लिंक हें २०१३ सालीं वेबकिटमधूनच फुटून निघालें. गेको उद्यां बंद पडलें, तर पान कसें दिसावें हें ठरविण्याची सत्ता दोन कंपन्यांच्या हातीं जाईल. आणि एकाच खिडकींतून वाचण्याची पाळी मराठी वाचकावर पूर्वीं येऊन गेलेली आहे.

ही वस्तु आपल्याला फुकट मिळते, तिचा खर्च कोण करतो? शोध घेतांना जी जाहिरात दिसते, तिच्या उत्पन्नांतून तो निघतो. आपल्या शोधाची पेटी आधींपासून बसविलेली असावी म्हणून गूगलनें २०२१ या एका वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांना २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, असें अमेरिकेंतील खटल्यांत उघड झालें. त्या न्यायालयानें ऑगस्ट २०२४ मध्यें गूगलनें शोधाच्या धंद्यांत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. मात्र क्रोम विकून टाकण्याची सक्ति करण्यास सप्टेंबर २०२५ मध्यें नकार दिला. आपल्याकडे स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें अँड्रॉइडच्या प्रकरणांत गूगलला १,३३७ कोटि ७६ लाख रुपये दंड केला. फोनबरोबर क्रोमसारखीं ॲपें बांधून देण्याची रीत त्या प्रकरणाच्या मुळाशीं होती. मौज अशी कीं, गूगलचा स्पर्धक म्हणून ज्याच्याकडे आपण पाहतों त्या फायरफॉक्सचा संसारहि बव्हंशीं गूगलकडून शोधाच्या पेटीबद्दल मिळणाऱ्या पैशावरच चालतो.

तेव्हां घरांत काय ठेवावें? माझें मत असें कीं दोन ब्राउझर ठेवावेत. एक बँक, कर, विमा यांसाठीं, त्यांत दुसरें कांहीं उघडूं नये आणि कोणतीहि जोड बसवूं नये. दुसरा वाचन आणि भटकंतीसाठीं. भटकंतीसाठीं माझा कल फायरफॉक्सकडे आहे. जाहिराती अडविणारी जुनी समर्थ जोड क्रोमनें २०२४-२५ मध्यें बंद पाडली, फायरफॉक्सवर ती अजून चालते. ज्यांची दृष्टि मंदावली आहे त्यांना मात्र मी एज सुचवीन. पान मोठ्यानें वाचून दाखविण्याची त्याची सोय मराठींतहि आहे. ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ अशा नांवांचे दोन आवाज त्यांत आहेत, आणि त्यांचे उच्चार ऐकवतात. कित्येक घरांत ‘खाजगी खिडकी’ उघडली म्हणजे आपल्याला कोणी पाहत नाहीं, असा समज असतो. ती खिडकी आपल्या यंत्रावर मागमूस ठेवीत नाहीं, इतकेंच. पलीकडच्या संस्थळाला आणि इंटरनेट पुरविणाऱ्याला तिचा आडपडदा नसतो.

निवड करण्यापूर्वीं एकदां मराठीची परीक्षा घेऊन पाहावी. एखादें मराठी पान उघडून ‘दुसऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र आणि ‘ॲ’वरची चंद्रकोर नीट दिसते कीं नाहीं तें पाहावें. ‘ल’ आणि ‘श’ हीं अक्षरें आपल्या वळणाचीं आहेत कीं हिंदीच्या, तेंहि पाहावें. कांहीं फाँटांत दोन्ही वळणें असतात, पण पान मराठीचें आहे असें करणाऱ्यानें आंत नोंदविलें असेल, तरच आपलें वळण पुढें येतें. मग अक्षरें दुप्पट मोठीं करावींत आणि ओळी पडद्याबाहेर तर जात नाहींत ना, हें तपासावें.

आणि घरांतल्या वडील माणसांच्या मोबाइलवर हा बदल त्यांना सांगितल्यावांचून करूं नये. खुणा आणि परवलीचे शब्द आधीं नव्या ब्राउझरमध्यें नेऊन ठेवावेत, जुनें चिन्ह महिनाभर त्याच जागीं राहूं द्यावें, आणि नवें त्याच्या शेजारीं मांडावें.