कंठातील दार



भाताचा घास तोंडातून पोटात जातो, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे धानाच्या या मुलखात कोणालाही वाटेल. परंतु मुर्रीच्या घराघरांतून रोज घडणारी ही क्रिया दिसते तितकी साधी नाही.

आपल्या घशात दोन वाटा आहेत: पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. श्वासाची वाट उघडी असते; अन्नाची मात्र एरवी बंद. तिच्या तोंडाशी दोन ते चार सेंटिमीटरांचा आवळलेला पट्टा आहे. त्यातील मुख्य स्नायू स्वरयंत्राच्या अंगठीसारख्या कूर्चेला मागून वेढून असतो. त्यामुळे श्वासाबरोबर हवा पोटात शिरत नाही आणि पोटातील आंबट द्रव सहसा घशात येत नाही.

घास आला की हे दार उघडते कसे? प्रथम मेंदूच्या तळाकडून आवळून राहण्याचा हुकूम थांबतो व स्नायू सैल पडतो. पण सैल पडणे म्हणजे उघडणे नव्हे. हनुवटीखालचे स्नायू स्वरयंत्राला वर आणि पुढे ओढतात. कूर्चा पाठीच्या मणक्यांपासून दूर सरते आणि तिला बांधलेले दार ओढून उघडले जाते. मग जिभेच्या व घशाच्या रेट्याने आलेला घास ते आणखी रुंद करतो. सारा खेळ सुमारे अर्ध्या सेकंदाचा! तेवढ्यात श्वास थांबतो, स्वरयंत्र मिटते, आणि घास उतरताच दार पुन्हा घट्ट होते.

आपण घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. ती वर चढेल. आता मान मागे टाकून छताकडे पाहत गिळा; जड जाईल, कारण दार नीट उघडत नाही. ठसका लागलेल्या मुलाला आपण "वर बघ" म्हणतो. त्याऐवजी त्याला मोकळेपणी खोकू द्यावे, आणि खोकला थांबेपर्यंत पाणी पाजू नये.

अर्धांगवायूच्या रोग्याच्या घरी हे ज्ञान फार मोलाचे आहे. त्याचे दार अपुरे उघडले तर अन्न वरच साचते आणि श्वासनलिकेत उतरते; कधी खोकलाही येत नाही, आणि पुढे न्युमोनिया जिवावर बेततो. म्हणून त्याचे गिळणे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यांनी संमती दिल्यावरच त्याला ताठ बसवून लहान घास द्यावा, आणि पहिला उतरल्यावाचून दुसरा देऊ नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर मायेपोटीही पाणी घालू नये. घोटभर पाण्याने जीव वाचतो हे खरे, परंतु ते योग्य वाटेने गेले तर!