जळते ती पेट्रोलची वाफ
(शेतकरी बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



पूर्वी घरोघरी रॉकेलचा डबा असे. पुढे मोटारसायकल आली, फवारणीचा पंप आला, आणि त्यांच्या मागोमाग पेट्रोलची बाटली घरात शिरली. रॉकेलाची सवय असलेला माणूस पेट्रोललाही रॉकेलच समजून वागवितो. घात होतो तो इथे.

तेल म्हणून जळत नाही. जळते ती त्याची वाफ. रॉकेल निदान ३५-४० अंश तापल्याखेरीज पेट घेण्याजोगी वाफ सोडीत नाही. पेट्रोल मात्र शून्याखाली ४० अंशांच्या कडाक्यातही ती सोडते. मग आपल्याकडे पौष काय नि वैशाख काय, झाकण काढले की वाफ निघालीच. ती डोळ्यांस दिसत नाही, आणि हवेहून तीन-चार पट जड असल्यामुळे धुरासारखी वरही जात नाही. पाण्यासारखी उतार धरून जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात साठते. पडवीत कोणी पंपात पेट्रोल ओततो आणि आत चुलीवर भाकरी चाललेली असते. वाफ चुलीपर्यंत पोचते आणि ज्वाळा त्याच वाटेने उलट डब्याकडे धावते. मग आम्ही दैवाला बोल लावतो! दैव बिचारे कुठे पेट्रोल ओतीत होते?

आणखी एक गोष्ट पुष्कळांस खरी वाटत नाही. वाफ व हवा मिळून शंभर भाग धरले, तर त्यांत वाफ साधारण दीड ते साडेसात भाग असली तरच ती पेटते. कमी झाली तरी नाही, जास्त झाली तरी नाही. म्हणून काठोकाठ भरलेल्या डब्यापेक्षा रिकामा म्हणून फेकलेला डबा अधिक घातकी. त्यात हवा शिरते आणि नेमके हे प्रमाण जुळून येते. असल्या डब्याला डाग देऊ नये, तो कापू नये, पोरांच्या हाती तर देऊच नये. पेटायला मोठा जाळही लागत नाही; दिव्याच्या बटणातली ठिणगी पुरते.

पाकिस्तानात अहमदपूर शर्किया येथे २५ जून २०१७ रोजी पेट्रोलचा टँकर रस्त्यावर उलटला. सांडलेले पेट्रोल भरून घेण्यास आसपासचे लोक भांडी घेऊन धावले. तेवढ्यात भडका उडाला आणि दोनशेंहून अधिक माणसे गेली. त्यांस कोणी लोभी म्हणू नये. ज्याची चूल मोजून पेटते त्याला सांडलेले तेल दिसतेच. पण आपल्या रस्त्यावर टँकर उलटला तर बादली घेऊन नव्हे, पोरेबाळे घेऊन वाऱ्याच्या उलट्या दिशेस दूर जावे.

पेट्रोल घरात ठेवूच नये. ठेवणे भागच पडले तर थोडे, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेरच्या मोकळ्या छपरीत. पेटल्यास पाणी ओतू नये; पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. आग लहान असेल तरच माती, वाळू टाकावी, नाहीतर माणसे बाहेर काढावी. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये, भुईवर लोळावे. जवळच्यांनी जाड घोंगडी टाकावी. मात्र ती लोकरीची असावी, नायलॉनची नव्हे. नायलॉन वितळून कातडीला चिकटते.